गुडघाभर पाण्याची शप्पथ

आज गल्लीत कुणीतरी भरताची वांगी भाजायला घेतली आणि मला समुद्राचा वास आला. हसू नका. कपाशीच्या काड्यांचा धूर, वांग्याचं करपलेलं साल, मध्येच एखादी मिरची चटचटली की नाकात जाणारा ठसका, एवढंच होतं खरं तर. पण माझं मन उठलं आणि नेमकं त्या पांढऱ्या वाळूवर जाऊन बसलं, जिथे नारळाच्या करवंट्या पेटवून कुणीतरी असंच काहीतरी भाजत होतं. ते मासे होते हे मला नंतर कळलं, आणि कळेपर्यंत 'काय छान वास येतोय' असं मी चारचौघांत म्हणून बसले होते. माळकरी घरातली बाई मी. आमच्या गुरुजींनी तो विषय अजून सोडलेला नाही.

गुरुजी म्हणजे आमचे हे. शहाद्याच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, आता सेवानिवृत्त आहेत, पण समोर माणूस दिसला की त्याला शिकवायला घेतात. मीही शिक्षिकाच होते, पण मी चौथीपर्यंतची. त्यामुळे आमच्या घरात मोठा अभ्यास त्यांचा आणि मोठा आवाज माझा, अशी वाटणी आहे.

हा मोसम दरवर्षी असाच येतो. सकाळी तोंडातून वाफ निघते. सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते, घोडे नाचतात, त्यांच्या टापांनी उडालेली धूळ दिवसभर खाली बसत नाही. उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून डुलत डुलत कारखान्याकडे जातात आणि मागे अडकलेला एसटीवाला हॉर्नवर हात ठेवून देतो. केळीची पानं थंडीनं पिवळी पडतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या दिवसांत माझ्या डोळ्यांपुढे एवढंच यायचं आणि तेवढं मला पुरायचंही. आता नाही पुरत. आता थंडीची पहिली झुळूक आली की पायाच्या तळव्यांना वाळू लागते, ओठ चाखावेसे वाटतात. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला असं उधाण येणं बरं नव्हे, पण येतं, त्याला मी काय करू?

हे सगळं फुईमुळे झालं. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आम्ही दोघी सारंगखेड्याच्या, तापीकाठच्या. ती लग्न होऊन ब्राह्मणपुरीला आली, आणि पुढे माझं स्थळही तिनंच इथं जमवलं. तिच्या दारापासून माझं दार दीडशे पावलांवर आहे. आज ती बहात्तरची आहे. अंगानं काडी, नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आधी टेकून बसावं.

तिला सत्तर लागलं तेव्हा तिचा मुलगा किशोर सुरतेहून आला. एकुलता एक, तिथे चांगल्या कंपनीत आहे, आईवर जीव. 'माय, बोल, कोठे जावानं? काशी? रामेश्वर?' फुई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माले समुद्र देखाना शे." किशोर म्हणाला, मग त्यात काय, सुरतेहून तासाभरावर आहे. तेव्हा तिनं मान वर केली. "काठवरला नही. मधला."

मधला समुद्र. मी तिथेच होते, तांदूळ निवडत. ताटातला खडा माझ्या बोटात तसाच राहिला. कारण किशोरला माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फुई माहेरी यायची तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते. दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना ही माझं बोट धरून मला नदीवर न्यायची, वाळूवर बसवायची, 'कोनी उनं ते खाक' असं सांगायची, आणि काष्टा खोचून तापीत शिरायची. तेव्हा खाली धरण नव्हतं, नदी वाहती होती. थोड्या वेळानं पाण्यावर तिचं डोकं तेवढं दिसायचं, काळा ठिपका. पलीकडच्या वाळूत डांगरं, म्हणजे खरबुजं पिकायची. ती एक डांगर घेऊन, ते पाण्यावर पुढे ढकलत ढकलत परत यायची. मग आम्ही दोघी ते दगडावर फोडून खायचो. तशी डांगरं आता मिळत नाहीत, असं मी म्हणणार होते, पण मिळतात. फक्त ती गाडीवर मिळतात.

सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी तिनं सासूला हौसेनं सांगितलं होतं की मला नदी पार करता येते. सासूबाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "आठे कोनले सांगू नको. सून पाणीमा उतरनी ते लोके हासतीन." झालं. इथे नाही सांगितलं, नवऱ्याला नाही, पोटच्या मुलालाही नाही. माझे आजोबा गेले, माहेरचं येणं उरकतं झालं, आणि आखाजीची ती दुपारही गेली. फुईनं पाण्यात पाय टाकला तो थेट पर्वणीला, चार बायकांत, तीन बुडक्या मारून बाहेर. मला कधी कधी वाटायचं, मीच ते स्वप्नात पाहिलं असेल.

किशोरनं जहाजाची तिकिटं काढली. मुंबईहून निघायचं, दीड दिवस पाण्यावर, मग लक्षद्वीपच्या एका बेटावर दिवसभर उतरायचं आणि परत. तो स्वतः येणार होता, पण ऐनवेळी कामावरून सुट्टी मिळाली नाही, तेव्हा त्याची आणि सुनेची जागा आम्हा दोघांना मिळाली. शहाद्याच्या स्टँडवर तो आम्हाला सोडायला आला. मला बाजूला घेतलं. "निमाताई, मायनं वय देख. पाणीमा गुडघाना वर जाऊ देऊ नको. तापीमायनी शप्पथ ले." मी घेतली. दुसरं काय करणार होते? तिचं गुपित माझ्याकडे पन्नास वर्षं होतं आणि त्याची आई त्याच्याकडे एकच होती. शिवाय खरं सांगते, मलाही भीती होती. पन्नास वर्षांत माणूस कितीतरी गोष्टी विसरतं.

जहाजाचं काय सांगू? आमचा साखर कारखाना कुणी उचलून पाण्यावर ठेवला असता तर तो एवढा दिसला असता, आणि आत मात्र लग्नाच्या हॉलसारखा गालिचा. जेवणाला इतके पदार्थ की गुरुजींनी पहिल्या फेरीत नुसती पाहणी केली. फुईनं सोबत दशम्या आणि ठेचा आणला होता, तो तिनं शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बाईलाही वाढला. त्या बाईचे डोळे भरून आले आणि तिनं आणखी मागितला. वरच्या मजल्यावर पोहण्याचं तळं होतं. छातीएवढ्या निळ्या पाण्यात माणसं नुसती उभी, हातात सरबत. फुई कठड्याशी उभी राहून बराच वेळ पाहत होती. मला वाटलं तिला मोह झाला. ती म्हणाली, "हाऊ ते म्हशीसना हौद शे."

दीड दिवस नुसतं पाणी. गुरुजी दर तासाला अक्षांश सांगायचे. मी कंटाळेन असं वाटलं होतं, पण कंटाळा कसला येतो, पाणी दर घटकेला नवं लुगडं नेसत होतं. सकाळी राखाडी, मग हिरवट, दुपारी इतकं गर्द निळं की ओंजळीत घेतलं तर बोटं रंगतील असं वाटावं. मला सारखं हसू येत होतं. एकटीच डेकवर उभी राहून हसत होते. अंगात वारं शिरतं म्हणतात ते हेच असणार. इकडे घरी कपाशीची शेवटची वेचणी चालली असेल, दारात कुणी तरी हाक मारत असेल, आणि मी मात्र कुणाच्याच हाकेच्या टप्प्यात नव्हते. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

बेटावर उतरायच्या दिवशी नाश्त्याला गुरुजींनी कागदी रुमालावर आकृती काढली. मध्ये पृथ्वी, बाजूला चंद्र. "पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. भरती आणि ओहोटी. ध्यानात ठेवा." तीस वर्षं ही आकृती ते फळ्यावर काढत आले. सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेल्या, ज्यांनी ओढ्यापलीकडे पाणी पाहिलेलं नाही अशा मुलांकडूनही त्यांनी ती पाठ करून घेतली. आम्हीही माना डोलावल्या. ही आकृती आणि त्यापुढे घडलेलं, या दोन्ही गोष्टी मी एकत्र सांगायला घेतल्या की ते आजही उठून आत जातात.

जहाज लांब उभं राहिलं आणि लहान होड्यांतून आम्हाला बेटावर नेलं. बेटाजवळ पाण्याचा रंगच बदलला. फवारणीसाठी मोरचूद भिजवतात तेव्हा बादलीत जसा रंग उतरतो ना, तसा, पण आरपार. खालची वाळू दिसायची, वाळूवरून जाणारी आपल्याच होडीची सावली दिसायची. आणि वाळू पांढरी, बारीक रव्यासारखी. फुई होडीतून उतरली ती आधी वाकली, पाण्याला हात लावला, बोट जिभेवर ठेवलं. "ह्या पाणीमा डाळ शिजाव नही," तिनं निकाल दिला.

मग कमरेची पुडी काढली. हळद-कुंकू. तापीला आम्ही लावतोच, काठावरच्या ओल्या वाळूला बोट टेकवायचं आणि ओंजळभर पाणी परत सोडायचं. पण फुईचा हात मध्येच थांबला. "निमा, नदी बाई शे. आते हाऊ बुवा माणूस, ह्याले कुकू कसं लावू मी?" खरंच की. समुद्र पुरुष. गुरुजींना विचारलं तर त्यांच्या भूगोलात ते नव्हतं. फुईनंच तोड काढली. सगळ्या नद्या ह्याच्याच घरी दिलेल्या, म्हणजे हे तापीचं सासर. तिनं समुद्रासमोर डोक्यावर पदर घेतला, जसा व्याह्यासमोर घ्यावा तसा, आणि कुंकू पाण्यात सोडलं, तापीच्या नावानं. "तापीमाय आठे कशी नांदी ऱ्हायनी, ते देखाले उनू," असं त्याला सांगितलंही. शेजारी टोपीवाल्या बायका फोटो काढत होत्या. त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्यातल्या एकीनं हात जोडले.

काय तो दिवस होता. काचेच्या तळाच्या होडीतून मासे पाहिले, पिवळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे, बांगड्यांच्या दुकानासमोर उभं राहिल्यासारखं झालं. शहाळी प्यालो. गुरुजींनी शिंपले गोळा केले आणि प्रत्येकावर माहिती दिली. मी वाळूत लोळले. हो, लोळले, साडीसकट, आणि उठल्यावर पाठीवरची वाळू झटकलीसुद्धा नाही. शिट्टीवाल्या रक्षकानं सगळ्यांना केशरी फुगीर बंड्या घातल्या होत्या आणि खुणेनं सांगितलं होतं, चार वाजता शेवटची होडी. त्यात फुई मात्र गप्प होती. इतर वेळी तिला गप्प करायला दोन माणसं लागतात. तिची नजर सारखी पाण्याच्या दूरच्या कडेवर, जिथं मोरचूद संपून गर्द निळं सुरू होत होतं तिथं जात होती. मला तिच्याकडे पाहवेना. मला ठाऊक होतं तिला काय हवं आहे, आणि तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

जेवण झाल्यावर आम्ही पुन्हा पाण्याशी आलो. गुरुजींनी तिघांच्या चपला पाण्यापासून दोन हातांवर ओळीनं मांडल्या, शेजारी आमची बॅग. बियाण्याच्या दुकानदारानं दिवाळीला दिलेली, चेनची, रेक्झिनची. जहाजावर चढायची गळ्यातली कार्डं भिजू नयेत म्हणून मी ती काढून त्या बॅगेत टाकली होती. तापीकाठी आम्ही असंच करतो. सगळा तापीकाठ असंच करतो. नदी तुमच्या चपलेपर्यंत येत नाही, यायचीच झाली तर आषाढात येते आणि आधी गावभर दवंडी होते.

मी फुईचं मनगट धरून पाण्यात उभी राहिले. माझं सगळं लक्ष तिच्या गुडघ्यांवर. पाणी गुडघ्यावर चढलं की मी तिला एक पाऊल मागे ओढायची. थोड्या वेळानं पुन्हा चढायचं, पुन्हा एक पाऊल. मला वाटत होतं फुईच हळूच पुढे सरकते आहे. "निमा, हात सोड," ती म्हणाली. मी म्हटलं, "किशोरसमोर शप्पथ घेतली आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं. चिडली नव्हती. "शप्पथ तू लिन्ही. मी नही लिन्ही." मी सोडला नाही. मी तिला आणखी एक पाऊल मागे ओढलं आणि तिच्या मनगटातली धडधड माझ्या बोटांना लागली. एवढ्या म्हाताऱ्या मनगटात एवढी धडधड असते हे मला माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पन्नास वर्षांपूर्वी दार लोटून घेणाऱ्या त्या सासूबाईंच्या जागी आता मी उभी होते, आणि माझाही हेतू त्यांच्यासारखाच चांगला होता.

तेवढ्यात गुरुजी काठावरून ओरडले, चपला कुठे आहेत म्हणून. मागे वळून पाहते तर जिथं चपला होत्या तिथं मी स्वतः उभी, गुडघाभर पाण्यात. शप्पथ पाळत पाळत मी चपलांच्या जागेपर्यंत मागे आले होते आणि मला पत्ता नव्हता. भरती. आकृतीतली भरती. चपला पाण्यावर डुलत होत्या आणि बॅग त्यांच्याही पुढे, आत हवा भरल्यामुळे फुगून, मजेत निघाली होती.

आता गुरुजींनी काय केलं ते ऐका. तापीत कपडा वाहिला, कळशी वाहिली, तर आम्ही त्याच्यामागे पाण्यात पळत नाही. काठाकाठानं खालच्या अंगाला धावायचं, पुढे जाऊन थांबायचं आणि वस्तू आली की अडवायची. शेंबडं पोरही हेच करतं. गुरुजी म्हणाले, "तुम्ही इथंच थांबा, मी खाली जाऊन अडवतो," पँट वर गुंडाळली आणि वाळूवरून डाव्या हाताला धावत सुटले. चांगली दोनशे पावलं गेले. तिथे वाकून, हात पसरून, चपलांची वाट बघत उभे राहिले. भूगोलाचे गुरुजी.

"जवाईबुवा कोठे चालनात?" फुईनं विचारलं. मी म्हटलं, खालच्या अंगाला. ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत हसली. "ह्या पाणीले उतार नही शे, माय." आणि खरंच, बॅग ना डावीकडे जात होती ना उजवीकडे. काठाकडून वाहणाऱ्या वाऱ्यावर ती सरळ लांब, आत चालली होती. शिट्टीवाला रक्षक पार दुसऱ्या टोकाला, लोकांना होडीत चढवत होता. मी हाका मारल्या. वाऱ्यानं त्या माझ्याच तोंडात परत आणून टाकल्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं. त्या कार्डांशिवाय जहाजावर घेणार नाहीत, आपण तिघं या बेटावर अनवाणी राहणार, असं सगळं माझ्या डोक्यात आलं.

फुईनं एकदा काठाकडे पाहिलं. जावयाची पाठ होती. जावयासमोर तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, काष्टा वर खोचणं तर लांबच. तिनं ती केशरी बंडी काढली आणि माझ्या गळ्यात अडकवली. "ह्यामा हात हालत नही." मग दोन हातांत काष्टा घट्ट ओढून खोचला, पदर कमरेला बांधला. मी अजून तिचं मनगट धरलेलं होतं. तिनं ते सोडवून घेतलं नाही. माझ्याकडे बघत नुसती थांबली. 

मी हात सोडला.

ती पडलीच पाण्यात, पडून सरळ निघाली. पहिले दोन हात वेडेवाकडे गेले. तिसऱ्या हाताला तिला सगळं आठवलं. मान एका बाजूला, एक हात लांब, मग दुसरा, पायांची घाई नाही. नदीतली बाई जशी पोहते तशी, पाणी न उडवता. माझी भीती काही गेली नाही, खोटं कशाला बोलू, मी दोन्ही बंड्या छातीशी धरून तापीमायचं नाव घेत होते. पण त्या भीतीच्या आत दुसरंच काहीतरी उसळत होतं. मी सात वर्षांची होते आणि वाळूवर बसले होते आणि कुणी आलं तर मला खाकरायचं होतं. फक्त पाण्यावरचा ठिपका आता पांढरा होता.

ती बॅगेपर्यंत पोचली. बॅग पुढे ढकलत ढकलत परत आली. एक चप्पलसुद्धा आणली, गुरुजींची डावी. माझ्यापर्यंत आली तेव्हा श्वास लागलेला, पातळ केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहरा असा की मी ओळखलंच नाही. तिच्या लग्नाच्या फोटोत असायला हवा होता तो चेहरा, पण त्या फोटोत तिनं मान खाली घातली आहे.

"धर," तिनं बॅग माझ्याकडे लोटली.

"चल आता फुई. शिट्टी वाजतेय. शेवटची होडी आहे."

तिनं काठाकडे पाहिलं. गुरुजी अजून वाकूनच उभे होते, त्यांचा नदीवर फार विश्वास. "जवाईबुवा तिकडे देखी ऱ्हायनात," ती म्हणाली, "तोवर एक चक्कर." आणि वळली. बॅग माझ्या हातात होती, कार्डं मिळाली होती, पाण्यात जायला आता काहीच कारण उरलं नव्हतं. तरी ती गेली. या वेळी घाई न करता गेली, मध्येच उताणी झाली, हात पसरले, पोट आभाळाकडे. कमरेचा पदर सुटून तिच्या बाजूला पाण्यावर पसरला. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.

आणि तेव्हाच माझ्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटात फोन वाजला. किशोर. व्हिडिओ कॉल. दोन दिवसांत पहिल्यांदा रेंज मिळाली असेल. मी उचलला. पडद्यावर त्याचा चेहरा, मागे ऑफिसची भिंत. "ताई, कशा शेत सगळा? माय कोठे शे?" मला खोटं बोलता आलं असतं. जेवतेय म्हणाले असते, झाडाखाली पडलीय म्हणाले असते. मी फोन समुद्राकडे वळवला.

त्याला आधी कळलं नसावं. मग कळलं. मला वाटलं आता ओरडेल, शप्पथ काढेल. मी वाट बघत होते. तिकडे ती पाण्यावर पडून होती, लाट आली की अंगाखालून जाऊ देत होती.

"ताई," तो म्हणाला, अगदी हळू, अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, "मायले पव्हता येस?"

"तूच विचार तिला," मी म्हटलं, आणि फोन डोक्याच्या वर धरून, गुडघ्याच्या पाण्यातून कमरेच्या, मग छातीच्या पाण्यात, तिच्याकडे चालत निघाले.